तुकडा क्रमांक तेवीस

वखारीच्या वहीत माझं नाव फेब्रुवारी.
त्या महिन्यात जहाजातून उतरलो, म्हणून.
माझ्यामागून उतरला तो मार्च.
मार्चच्या मागून कुणीच उतरलं नाही,
त्याची बहीण वाटेतच समुद्रात सोडली होती.
आराकानात आईनं ठेवलेलं नाव
मी त्यांना सांगितलं नाही.
त्यांनी विचारलंही नव्हतं.

लोन्तोर बेटाचे तुकडे पाडले होते साखळीनं मोजून.
आमचा तेविसावा.
धनी योरिस, हार्लेमचा, पूर्वी दोर वळायचा,
त्याला झाड ठाऊक ते डोलकाठी म्हणून.
जायफळातलं त्याला काही कळत नव्हतं, आम्हालाही नाही.
म्हणून साकियाला जिवंत ठेवली होती.
मूळच्या माणसांतली आमच्या तुकड्यावर ती एकच.
बाकीचे कुठे गेले
ते जोत्यांवर उगवलेल्या रोपांना विचारावं.

ती शिकवायची, पण हात राखून.
फळ तडकलं, आतली जायपत्री लाल दिसली
की लांब बांबूची टोपली अलगद वर न्यायची.
हिसका द्यायचा नाही,
झोपलेल्या बाळाच्या मुठीतून काढतात, तसं काढायचं.
कनारीच्या सावलीबाहेर रोप लावायचं नाही.
जाळावर नाही, धुरावर वाळवायचं,
कवचात बी खुळखुळेपर्यंत.
झाड नर की मादी, ते सात वर्षांनी कळतं,
तोवर दोघांना पाणी सारखंच.
एवढं बोलून ती दिवसभराची गप्प.

कारकून लॅम्बर्ट तापानं फणफणलेला असायचा
आणि पुस्तकांनीही.
मलायु शिकायची म्हणून संध्याकाळी
मला पानं उलगडून सांगायचा:
समुद्र कुणाच्याच मालकीचा नाही.
वाऱ्याला कुंपण घालता येतं का? लाटेला?
म्हणून तो सगळ्यांचा.
सांगताना त्याचे डोळे भरून यायचे, खोटं कशाला बोलू.
आदल्याच आठवड्यात सेरामहून सागू घेऊन आलेली होडी
त्याच्या सहीनं जाळली होती.
मी विचारणार होतो.
पण त्याच्यापाशी बोलायला माझ्याकडे शब्द दोनच होते,
आणतो आणि नेतो.

मग चुन्याचा हुकूम आला.
प्रत्येक बी चुन्याच्या निवळीत बुडवायची,
दुसऱ्या कुठल्याही मातीत ती रुजू नये म्हणून.
आमच्या हातांची सालं निघाली.
रात्री मार्च बोटं तोंडात घालून झोपायचा.
आणि वर, कनारीच्या शेंड्यावर,
हिरवे पारवे अख्खी फळं गिळून
आयच्या, रुनच्या दिशेनं निघून जायचे,
चुना न लावता.
पारव्यामागे दोन तांब्याची नाणी जाहीर झाली.
साकिया हसली तेव्हा. पुढचे दात नव्हते तिला.

नवी चारशे रोपं तिनंच निवडून दिली होती,
पानं उलटीपालटी करून, हुंगून,
एकेक बाजूला ठेवत.
सात वर्षांनी ती फुलली.
फुलली, आणि गळली.
चारशेतली साडेतीनशे नर.
योरिस झाडाझाडाखाली हिंडला,
जमीन चाचपून बघत,
नाणं हरवल्यासारखा.
तोवर साकिया जाऊन चार वर्षं झाली होती,
आता चाबूक मारणार कुणाला?
मार्चला मारला.

मार्चच्या पाठीला मी खोबरेल लावत होतो
तेव्हा मला तिची ती पानं हुंगणारी नाकपुडी आठवली.
आणि हेही आठवलं, की एकदा
धुराच्या माचाखाली राख सारताना
तिनं मला नाव विचारलं होतं.
फेब्रुवारी म्हणालो.
ते नाही, म्हणाली.
मग सांगितलं.
तिनं ते चुकीचंच उच्चारलं,
मधलं अक्षर गिळून.

मी दुरुस्त केलं नाही.
अजून कुणी विचारलं
तर तसंच सांगेन, अक्षर गिळून.