कागद

वागुरच्या गोदीत, तिसऱ्या घावाला
जॉब चकातच घसरून फिरला.
आटे गेले.
मी चावीवर लोंबकळलो, सगळं वजन टाकून.

ओलुवा हसली नाही.
दुसरा दांडा घेतला, तेल पुसलं कोरडं,
कालच्या पेपरातला हवामानाचा रकाना फाडून
गुंडाळला जबड्यांखाली,
चावी तिन्ही भोकांत, पाळीपाळीनं.
मागून सेंटर टेकवला.
"घास लहान घे. लोखंडाला घाई कळत नाही."

घेतला. केसाएवढा.
पुन्हा केसाएवढा.
दुपार गेली त्यात, कॉफी थिजली.

हानुसच्या विंचचा स्क्रू रात्रीच बोटीवर चढला.
माझ्याकडे राहिला कागद:
वायव्येचं वादळ, चार मीटर लाटा,
तीन जागी चावलेलं,
कुठेच न फाटलेलं.

ओलुवानं त्यावरच शेगडी पेटवली.