येतो म्हणून गेले

नीलम नगरात, कारखान्याच्या मागच्या खोलीत
राजम्मा इराबत्ती कांड्या भरते.
माझ्या वहीत चार रकाने आखलेले:
मराठी, तेलुगू, कन्नड,
आणि इंग्रजीचा एक, गाइडबाईंना तुलनेला हवा म्हणून.

मी विचारते, ‘मी चादर विणली’, हे तेलुगूत कसं म्हणाल?
चाकावरचा हात न काढता ती म्हणते,
‘मी कुठं विणली? मी कांड्या भरते.
विणायचं आमच्या मालकांकडं.’
कुठले मालक?
‘घरचे हो. खोटं कशाला बोलू मी?’

व्याकरणात न बसणाऱ्या वाक्याच्या डोक्यावर
आम्ही एक चांदणी काढतो.
नुसत्या खोट्या वाक्यासाठी काही खूण नाही.
तरी काढली, पेन्सिलीनं,
पुसता येईल अशी.

बरं, ‘त्यांनी चादर विणली’?
‘दुप्पटि नेसिंडु.’
यात ‘त्यांनी’ कुठंय?
‘काय की. आहे की आत.’

आहेच. शेवटच्या ‘डु’त आहे,
क्रियापदाच्या शेपटाला धरून बसलेला एक पुरुष.
मराठीत ती त्यांना अहो-जाहो करते,
तेलुगूत अरे-तुरे.
माझ्या मराठीचं क्रियापद मात्र मालाकडं बघतं:
टॉवेल विणला, चादर विणली, कापड विणलं.
कापडाचं लिंग कळतं, नग कळतात.
कोणी विणलं ते
ज्याचं त्यानं वेगळं सांगावं.

दारातून हत्तुरे जॉबर म्हणतो,
‘आमच्यात नेय्द. आमच्यातबी माणूस शेवटीच बसतोय, लिवा.’
मी लिहिते.

रात्री सात रस्त्याच्या खोलीवर मी झाडं काढते,
मूळ वर, फांद्या खाली.
एखादा शब्द उठून दुसरीकडं गेला
तर तो जिथून उठला ती जागा झाडात तशीच धरायची.
रिकामी, पण हिशेबातली.
असं का, हे मला परीक्षेपुरतं येत होतं.

अकरा नंबरचा माग बंद आहे.
बीम चढवलेलं, चादरीवर अर्धा मोर,
धोट्यावर धुळीचा थर.
यावर कोण असतं? मी विचारते.
यासाठी माझ्याकडं रकाना नाही.

‘सुरतेला आहेत,’ राजम्मा म्हणते.
मग न विचारता:
‘येतो म्हणून गेले.’
मग कुणालाच नाही असं:
‘वस्त अनि पोयिंडु.’
हत्तुरे खाली बघत, बहुतेक सवयीनं:
‘बर्तीनि अंत होद.’

तीन रकाने भरले एका दमात.
आधी येणं, मग म्हणणं, शेवटी जाणं,
तिन्हीकडं तीच हाडं.
पुस्तकात ‘म्हणाले की येतो’ असतं;
इथली ‘की’ सांध्यात राहत नाही,
वाक्याच्या टोकाला येऊन ठसकते.

‘आणि हे चौथं?’
इंग्रजी, मी म्हणते. त्यात उलटं.
‘गेले’ आधी, ‘म्हणून’ मध्ये, ‘येतो’ सगळ्यात मागं.

चाक पहिल्यांदा थांबलं.
‘म्हणजे त्यांच्यात येणं शेवटी?’
हो.
‘मग त्यांची येत असतील माणसं.’

हत्तुरे हसला. मग त्याला
कुठल्यातरी मागाचा धागा तुटल्याचं ऐकू आलं,
आम्हाला आलं नाही.

चहा आला, थंड झाला.
ती तेलुगूत मोजत होती, मला सातापर्यंतच समजतं.
भरलेल्या कांड्या मोठ्या टोपलीत,
दर दहा-बारांनंतर एक
पायाजवळच्या पिशवीत.

ही कशाला वेगळी?

‘अकरा नंबरची,’ ती म्हणाली,
क्रियापद न लावता.