चिठ्ठी

सावद्याला, स्टेशनाच्या वाटेवर, डिगंबर वारकेची चक्की.
बाकावर डबे ओळीनं, प्रत्येक झाकणाखाली चिठ्ठी:
'ज्वारी, बारीक.'
'गव्हामागून टाकू नका.'
जनाबाई फालक लिहीत नाहीत, तोंडी सांगतात
आणि सांगून तिथंच उभ्या राहतात.
"कयन्याचं दयन, भाऊ. जाडंच काढजो."
वारके चाक अर्धा आटा सैल करतो,
पडणारं पीठ अंगठ्यानं चोळून बघतो.

आमचा डबा सहावा.
खिशात शहाद्याच्या निजाम तेलीचा निरोप, सकाळपासून:
तुमचा वजनकाट्याचा प्रोग्राम इथं बिल्ड होतो,
चालवला की मरतो.
फ्लॅग माझे देऊन पाहिले, लागतात तुमचेच.

राग आला होता.
ते फ्लॅग मी दोन हिवाळे मोजून ठरवलेले,
सेकंदाचे तुकडे पाडून.
त्याचं यंत्र जिनिंगच्या केबिनमधलं, बारा वर्षांचं,
माझा कंपायलर ज्या सूचना पेरतो
त्या त्याच्या प्रोसेसरनं कधी ऐकलेल्याच नाहीत.
आणि मेकफाइलीत मीच लिहून ठेवलेलं:
तो काहीही म्हणो, त्यावर माझं.
म्हणजे चिठ्ठी घ्यायची,
आणि सगळ्यांचं बारीकच दळायचं.

"तुम्हाला नाही का कळत, कुठलं पीठ चांगलं?"
"कळतं की," वारके पट्टा सरकवत म्हणाला,
"चिठ्ठी नसली तर मीच ठरवतो.
मिरची मात्र या दगडात नाही, कुणी का सांगेना.
एकदा जनाबाईंना दात नाहीत म्हणून
माझ्या मनानं बारीक दळलं.
डबा परत आणून ठेवला त्यांनी.
आठ दिवस आम्हीच खाल्लं."

रात्री फाइल उघडली.
ज्यांच्याविना प्रोग्राम उभाच राहत नाही
असे दोनच फ्लॅग निघाले. ते वेगळे काढले. मिरचीचा नियम.
बाकीचे ठेवले, चिठ्ठी नसेल त्या दिवसासाठी.
ओळीच्या अगदी टोकाला त्याची जागा, मोकळी;
एकाच गोष्टीवर दोघं बोललो
तर कंपायलर मागून बोलणाऱ्याचं ऐकतो.

दुसऱ्या दिवशी निजामचं उत्तर:
"चालला. हळू आहे.
पण कापसाची गाडी काट्यावर चढायला
याहून जास्त वेळ घेते."

'अमुक फ्लॅग लावून बघ, दुप्पट पळेल' असं लिहिलं,
आणि पुसलं.