डावीकडे वळताना

गाडीच्या काट्यांपाशी एक पिवळा दिवा लागतो.
चित्र इंजिनाचं आहे म्हणे.
मला तो पाणी तापवायचा बंब वाटतो,
तोटीसकट.

लागतो, आणि विझतो.
एमरिसच्या गॅरेजात शिरले की हमखास विझलेला,
दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरलेल्या पोरासारखा.
एमरिस प्यू यंत्र जोडतो, कोड वाचतो.
"सेन्सरचा आवाज मधेच बंद पडतो, एवढंच कळतं.
सेन्सर खोटा बोलतोय की तार, ते हा डबा सांगत नाही."
आधीच्या गॅरेजवाल्याने सेन्सरच बदलला होता,
एकशे चाळीस पौंड.
चौथ्या दिवशी बंब पुन्हा पेटला.

एमओटी अठ्ठावीस तारखेला.
दिवा लागलेला असला तर गाडी नापास.

"मिसेस कालसेकर, एक वही ठेवा.
दिवा लागला की लिहा: वेळ, हवा, रस्ता,
तुम्ही काय करत होता."
मला हसू आलं.
इस्पितळात हेच वाक्य मी दिवसातून सहा वेळा म्हणते,
लोकांच्या छातीवर चिकट टिकल्या लावून,
कमरेला यंत्र अडकवून:
धडधडलं की लिहा. जिना चढत होता का, भांडत होता का.
दुसऱ्या दिवशी येतात, वही कोरी,
आणि म्हणतात, काल नेमकं काहीच झालं नाही हो.

मी लिहिलं.

मंगळवार, सात दहा. भुरभुर. फाटकानंतरचं वळण.
मंगळवार, परत येताना. नाही.
गुरुवार, सहा पन्नास. धुकं. टेस्कोच्या चौकातून बाहेर पडताना.
भांडत नव्हते, गाडीत कोण असतं.
शनिवार, ऊन. बंदरापर्यंत उगाच गेले, उगाच आले. नाही.
रविवार. इराचा फोन, अकरा मिनिटं. दिव्याशी संबंध नाही.
सोमवार, सात पाच. पाऊस. शाळेपाशी.

एमरिसने वही चष्म्याजवळ धरून वाचली.
इराच्या ओळीवर थांबला, पुढे गेला.
"सगळी वळणं डावी आहेत," म्हणाला.

सतरा वर्षं त्याच रस्त्याने जाते मी.

मग बॉनेट उघडलं, इंजिन चालू,
नळीने थोडं पाणी शिंपडलं,
आणि तारांची जुडी तो एकेका बोटाने हलवत गेला,
गुंता झालेली वेणी सोडवावी तसा.
मी आत, नजर बंबावर.
आता? नाही.
आता? नाही.
आता?
लागला!
इतक्या मोठ्याने ओरडले
की पलीकडचा पोरगा टायर सोडून धावत आला.

बॅटरीच्या तळाखाली, पत्र्याच्या धारेवर
तार घासून घासून सोललेली.
आतलं तांबं हिरवं,
वर्षभर चिंच न लागलेल्या भांड्यासारखं.
"वळताना इंजिन किंचित कलतं, तार ओढली जाते.
ओल असली की पत्र्याला टेकते.
इथे एक क्लिप हवी होती. बॅटरी कुणी बदलली?"

दोन हिवाळ्यांपूर्वी. श्रीरंगने, दारातच.
टॉर्च मी धरला होता.
टिक् झालं, काळं काहीसं खाली गेलं.
मी म्हटलं, काहीतरी पडलं.
तो म्हणाला, पडू दे, तू उजेड नीट धर.
आता तो स्विंडनला असतो.

"माहीत नाही," मी एमरिसला सांगितलं.

त्याने सडका तुकडा कापला, डाख देऊन नवी तार जोडली,
वर नळी गरम करून आवळली, कापडी टेप गुंडाळली,
आणि तंबाखूच्या जुन्या डबीतून एक क्लिप काढली.
"हिचे पैसे नाहीत."
बाकीचे पासष्ट पौंड:
शोधायचे साठ, जोडायचे पाच.

पावतीवर आडनाव लिहिताना पुन्हा अडला.
काळसेकर. ळ. जीभ मागे वळवा, टाळूला लावा.
"कालसेकर."
मग त्याने मला गावाचं नाव म्हणायला लावलं:
जीभ दातांमागे, बाजूंनी हवा सोडायची.
लानेली, म्हटलं मी.
पोरगा टायरमागे हसत होता.

एमओटी झाली. पास.
वही अजून गाडीच्या दारातल्या खणात आहे.
काल शाळेपाशी वळताना
त्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे नजर गेलीच.
पुढे गाडी थांबवून लिहिलं:
बुधवार, सात आठ. पाऊस. नाही.