चावी देताना

मे सरत आला, आणि गाडीला अजून हिवाळ्याचेच टायर.
डांबरावर खिळे टकटकतात,
अख्ख्या कुओपिओला कळतं
सेल्माची कामं तुंबलीत.

आज ते बदलले. दाढेचं एकदाचं निस्तरलं.
विजेचं बिल भरलं, लायब्ररीचा दंडसुद्धा,
तोही न वाचलेल्या पुस्तकाचा.

जिन्यात हिल्का भेटली, समोरच्या दाराची.
चावी तिच्या हातावर ठेवता ठेवता
पायरीवर बसून सगळा हिवाळा उरकला आम्ही:
तिचा गुडघा, धाकट्याचा घटस्फोट,
फेब्रुवारीत गोठून फुटलेला नळ.
मधे दोन पावलांचं अंतर,
आणि हे सगळं निघायच्या दिवशी.

"जिरॅनियमला आठवड्यातून दोनदाच हं."
"माहीत आहे गं. गेल्या वर्षीही बजावलं होतंस."

आता ऑगस्टपर्यंत तळ्याकाठचं लाकडी घर.
डास, सरपण, रात्री दहाचं ऊन,
सौनातून निघून थेट पाण्यात.
बोलायला कुणी नाही, तेच तर हवं असतं.

वेशीबाहेर पडल्यावर आठवलं,
उठताना तिनं विचारलं होतं,
"आणि तू कशी आहेस?"
मी म्हटलं होतं, कुंडीखाली बशी ठेव.

उन्हाळ्याचे टायर
फारच गुपचूप चालतात.