यंत्राला ओठ नव्हते

डरहॅमला, नॉर्थ कॅरोलायनात, तिसऱ्या मजल्यावर
मी एका यंत्राला सिगारेटी पाजायचो.
काचेची वीस तोंडं, वीस सिगारेटी,
मिनिटाला एक झुरका, दोन सेकंदांचा,
पस्तीस मिलिलिटर. कमी नाही, जास्त नाही.
यंत्र खोकायचं नाही. उपाशीपोटी ओढायचं नाही.
साहेबाशी भांडून आल्यावर
विझायच्या आत दुसरी पेटवायचं नाही.

झुरके संपले की मी चिमट्याने
गोल पांढरी चकती काढायचो, एव्हाना तपकिरी झालेली,
आणि तराजूवर ठेवायचो.
आकडा वहीत. वहीतून पाकिटावर.
पाकिटावरून व्हर्लीनच्या पर्समध्ये.

व्हर्लीन माझी बायको. मोज्यांच्या गिरणीत
टोकं शिवायची, दिवसाला नव्वद डझन.
खोकला सुरू झाला त्या हिवाळ्यात
तिने लाल पाकीट सोडलं, पांढरं घेतलं.
'हलकी आहे,' म्हणाली, 'तूच तर मोजतोस ना?'
मीच मोजायचो.

भोकांबद्दल सांगायला हवं.
फिल्टरच्या कागदावर, तोंडात धरायच्या टोकापासून बोटभरही नाही,
एक ओळ असते सुईच्या अग्राहून बारीक भोकांची.
उजेडाला धरलं तरच दिसते,
एरवी बुचाच्या रंगात हरवलेली.
ओढलं की तिथून खोलीतली हवा आत शिरते,
दुधात पाणी घालावं तशी.
यंत्र सिगारेट अगदी टोकाला धरायचं, भोकं उघडी,
आणि निम्म्याहून जास्त हवाच प्यायचं.
माप खोटं नव्हतं. गवळ्याचंही नसतं.

पण व्हर्लीनला बोटं होती.
तर्जनी आणि मधलं, नेमकी त्या ओळीवर.
कुणी शिकवलं नव्हतं.
धूर पातळ लागला की ती सरकायची,
ओठ पुढे यायचे, गाल आत जायचे,
झुरका लांबायचा.
दात कोरून पोट भरत नाही
हे शरीराला वहीशिवाय कळतं.

एका रविवारी ती चर्चला गेली तेव्हा
मी ॲशट्रे वर्तमानपत्रावर उपडा केला.
सत्तावीस थोटकं. एकेक उभं केलं, फिल्टर वर.
यंत्राची थोटकं मला पाठ होती:
मध्ये काळा ठिपका, भोवती पांढरं कडं,
हवा बाजूने शिरल्याची खूण.
हिच्या थोटकांना कडं नव्हतं.
काठापासून काठापर्यंत एकच रंग,
करपलेल्या साखरेचा.
दोन सोडून. त्यांवर लिपस्टिक होती,
शनिवारी शेजारची ओडेसा येऊन गेलेली.

सोमवारी, सगळे जेवायला गेल्यावर,
मी विसांच्या विसांना चिकटपट्टी गुंडाळली.
चकत्यांचा गूळ झाला.
आकडा पाकिटावरच्या तिप्पट.
यारबरोसाहेबांनी कागद पाहिला, घडी घातली,
शर्टाच्या खिशात ठेवला.
'यंत्राला बोटं नसतात, लेम्युएल,' म्हणाले,
आवाज न चढवता.
त्या नाताळात कंपनीकडून हॅम आला,
दरवर्षीपेक्षा मोठा.
आम्ही तो खाल्ला. फेब्रुवारीपर्यंत पुरला.

तिला सांगितलं मी. नाही असं नाही.
'बोटं जरा मागे घे.'
तिने घेतली, ओढलं, माझ्याकडे पाहिलं.
'यात काही येतच नाही रे.'
हसली, आणि बोटं परत आपल्या जागी गेली.

काल दवाखान्यात श्वास मोजायचं यंत्र होतं.
पुठ्ठ्याची पांढरी नळी. नर्स म्हणाली,
'ओठ घट्ट मिटा भोवती, मिसेस टर्नर,
हवा कुठून निसटायला नको.
आता फुंका. अजून. अजून. अजून.'
व्हर्लीनने नळी दोन बोटांत धरली.
पडद्यावरची रेघ थोडी चढली, मग आडवी पडली.
नर्सने आकडा लिहून घेतला.
जुन्या सवयीने मी वाकून पाहिला.
बरोबर होता.