पेन्सिलीनं

कुंद्याचा रिकामा डबा राखेनं घासला
तरी खव्याचा वास गेला नाही.
शनिवारी मागाचा पगार झाला की
त्यात साठ रुपये.
भरमा हसतो, "कुत्रीसाठी भिशी करूलालीस?"
व्हय. भिशीच.
एकटीची, नंबर कधी लागेल ते माहीत नसलेली.

कांडी दाराशी झोपते,
सुताच्या पोत्यावर, पोट वर करून.
तिच्या आधी धोट्या होता.
वडगावच्या गल्लीत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत
दिवसभर नुसती ये-जा, म्हणून धोट्या.
रविवारी रात्री उंदराचं औषध खाल्लं त्यानं.
घरात दोनशे ऐंशी रुपये.
पहिला रिक्षावाला म्हणाला, सीट खराब होईल.
दुसरा मिळाला, तर दुसऱ्या गेटावर मालगाडी.
डबे मोजत बसले मी. एकोणचाळीस.
चाळिसावा मोजायची गरज पडली नाही.

म्हणून आता झाकणाच्या आत चिठ्ठी आहे.
काँग्रेस रोडच्या डॉक्टरचा नंबर, घरचासुद्धा.
इस्माईलच्या टेम्पोचा, तो रात्री फोन उचलतो.
गेटाकडून नाही, कपिलेश्वरच्या पुलावरून जायचं.
गुंडाळायला जुनं लुगडं, दारामागच्या खिळ्याला.
जे खाल्लं त्याची पुडी बरोबर घ्यायची,
रागानं फेकून द्यायची नाही.

डॉक्टर नवा, विजापूरकडचा.
निंगव्वाकडून एक वाक्य पाठ करून घेतलं,
"नम्म नायी विषा तिंदैति, लगू नोडरी."
कांड्या भरताना पुटपुटते.
लगू तर आपलाच शब्द वाटतो,
कुठल्या बाजूनं कुठं गेला कुणास ठाऊक.
निंगव्वा म्हणते, आमचाच.
असू दे.

एक गोष्ट मात्र चिठ्ठीत राहिली होती.
डॉक्टर विचारणार, किती खर्च करणार?
त्या रात्री मला सांगता यायचं नाही,
तेव्हा आज, डोकं जागेवर असताना,
माग बंद करून बसले आणि ठरवलं.
आठ हजार.
त्याच्या पुढं सुया नकोत, मांडीवर घ्यायचं.
लिहिलं.
भरमानं वाचलं. हसला नाही.

कांडीनं झोपेत पाय हलवले,
कुठंतरी धावत होती.

आकडा पेन्सिलीनं आहे.
पेन शेजारीच होतं.